गाळलेलं पाणी

“आधी तुम्ही प्यायचं, मग मी बाटली दाखवणार,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या विभागात असंच चालतं. जो पाणी शुद्ध करतो, त्यानं ते आधी स्वतः प्यावं.”

टेबलावर दोन भरलेले पेले होते. मागच्या ड्रममध्ये खडी, वाळू आणि कोळशाचे थर. चष्मिश आणि तिची मैत्रीण, दोघींची वर्षभराची मेहनत. कॉलेजमागच्या नाल्याचं पाणी त्यातून गाळायचं होतं. परवा त्यांनी दिलेल्या कॅनमधलं थोडं पाणी मॅडमनी औषध घातलेल्या बाटलीत भरून उबेच्या कपाटात ठेवलं होतं; त्याच कॅनमधलं उरलेलं आज पेल्यांत होतं. बाटली पिवळी राहिली, तर पाणी पिण्याजोगं. काळी पडली, तर दोघी नापास आणि वर्ष वाया.

चष्मिशनं पेला हळूच लांब सरकवला. त्यांनी स्वतः करून पाहिलेल्या चाचणीत बाटली दरवेळी काळीच झाली होती.

“अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी,” तिची खोलीतली मैत्रीण कानाशी पुटपुटली. सगळं हॉस्टेल तिला फटाकडी म्हणायचं. “परवा सकाळी तू घोरत होतीस ना, तेव्हा मी कोळसा बदलला आणि कॅनही भरला. डोळे झाकून पी.”

“एवढी खात्री आहे तुला?”

“छातीठोक!”

फटाकडीनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. “मॅडम, अजून मिळेल?”

वर्ग खो-खो हसला. मॅडमनाही हसू आवरेना. तो तोरा पाहून चष्मिशची भीती कुठल्या कुठे पळाली. तिनंही पेला तोंडाला लावला. पाण्याला ना वास, ना चव. जमलं होतं! तिनं ओठ पुसले, मान ताठ केली.

“काढा बाटली, मॅडम,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

मॅडमनी कपाट उघडलं. बाटली डांबरासारखी काळीकुट्ट होती.

“अरेरे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “हे तर सरळसरळ सांडपाणी मिसळलेलं आहे.”

चष्मिशनं वळून पाहिलं. फटाकडीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हणजे कोळशाचा काहीच उपयोग झाला नाही?”

“कोळसा मी बदललाच नाही गं,” फटाकडी कशीबशी कुजबुजली. “ते आपल्या ड्रममधलं पाणीच नव्हतं. कॅन मी हॉस्टेलच्या पिण्याच्या टाकीवर भरला होता.”