काकणाखालचं वळं

बायजाचं लग्न मोडलं. मुलगी गोरी निघाली म्हणून मोडलं. पण सुपारी फुटली नव्हती, आणि सुपारी फुटल्याशिवाय काहीच मोडत नाही, असं कुंभिवलीचे पोलीस पाटील मालोजी यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. तेव्हा ते मोडलं नाही असंच धरून चालू.

चैत्रातली दुपार. ओटीवर घोंगडी अंथरलेली आणि तिच्यावर नेरळहून मुलगी बघायला आलेली सोनुबाई, शेजारी तिचा मुलगा सदू. सदू रेल्वेत होता. मुलगा रेल्वेत, म्हणजे त्याला गोरीच बायको लागणार, असा बायजाच्या आईचा, येसूबाईचा हिशोब. येसूबाईची बहीण भिवपुरीला साहेबाच्या घरी भांडी घासायची. मडम सावलीत बसते म्हणून गोरी असते, हा शोध तिचा. म्हणून दिवाळीपासून बायजा घरात भाताच्या कणगीमागे बसून होती. शेजारणींना सांगितलं होतं की पोरीला कांजिण्या आल्यात. कांजिण्या होळी ओलांडून गेल्या तरी कुणी काही बोललं नाही.

बायजाही बसली, कारण तिला सदू पसंत होता. नेरळच्या बाजारात तिनं त्याला एकदाच पाहिलं होतं, केळीच्या सालीवरून घसरताना. पडल्यावर त्यानं आधी टोपी शोधली, मग गुडघा. तेवढं तिला पुरलं होतं.

सोनुबाईनं तिचा हात घेतला, काकणं कोपराकडं सारली आणि मनगट उजेडात धरलं. मग दुसरा हात पाहिला.

"वळं कुठं हाय?"

"कसलं वळं?" येसूबाई म्हणाली.

सोनुबाईनं स्वतःची काकणं वर सारली. काळ्या मनगटावर काकणांच्या जागी फिकट पट्टा होता. "हे. उन्हात राबल्याबिगर पडत नाय. तुमची पोर काकणाखाली जशी, काकणावर तशीच."

"पण मुलगा रेल्वेत..."

"तो जाईल रेल्वेत. भात कोण लावील, इंजिन?" सोनुबाईनं समोरची पोह्यांची ताटली दूर सरकवली. "पोर चांगली हाय. पण उन्हाची नाय. पयल्याच दुपारी बांधावर आडवी होईल. मग मी लावणी करू का हिला वारा घालू?"

इथं लग्न मोडलं. म्हणजे मोडलं नाही.

बायजाचा बाप गोमा इतका वेळ खांबाला टेकून होता. तो पुढं आला आणि त्यानं मुंडासं काढलं. भुवयांपासून अर्धं कपाळ काळं आणि वरचं अर्धं दुसऱ्याच कुणाचं.

"घराणं बघा," तो म्हणाला. "आमी समदे उन्हातलेच. पोर तेवढी सावलीत राहिली. आन् ती सावली बी आमची नाय, मेव्हणीची हाय."

येसूबाईनं गळ्यातलं डोरलं बाजूला केलं. खाली डोरल्याएवढीच गोरी जागा होती. साक्षीला बोलावलेले मालोजी पाटील मागं कसे राहतील? त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्याच्याखालचं गोरं घड्याळ सगळ्यांना फिरवून दाखवलं. लढाई सुरू असल्यामुळं इंग्रज सरकारनं हुकूम काढून घड्याळं एक तास पुढं नेली होती.

"वरचं सरकारी वेळेवर हाय," पाटील म्हणाले. "हे खालचं जुन्याच वेळेवर राहिलंय."

मग सदूनं, कुणी न सांगता, टोपी काढली. कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सरळ रेघ.

"तू कशापायी दावतोस रं?" सोनुबाई म्हणाली. "तुला कोण बघाय आलंय?"

बायजा हसली. ओटीवर सगळ्यांनी काही ना काही उघडं करून दाखवलं होतं. जिला बघायला आले होते, तिच्याजवळच दाखवायला काही नव्हतं. तिनं काकणं खाली ओढली.

"वळं पडाय किती दिस लागत्यात?"

सोनुबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच. "कातडी ऊन किती विसरलीय त्यावर हाय."

"मग बाजाराच्या दिशी परत बघाय या."

"बोलते तर उन्हातल्यासारखी," सोनुबाई म्हणाली आणि पोह्यांची ताटली परत जवळ ओढली.

बायजानं बापाच्या हातातलं मुंडासं घेतलं, स्वतःच्या डोक्याला गुंडाळलं आणि अंगणात उतरली. जमीन तव्यासारखी तापलेली. कणगीमागं बसून तळवेही मऊ झाले होते. तीन उड्यांत ती आंब्याच्या सावलीत पोचली, आणि सावलीत पोचल्याचं लक्षात येताच शरमून पुन्हा बाहेर आली.

"गवतावरनं चाल गं," सदू ओटीवरून म्हणाला.

"तू टोपी घाल रं आधी. रेघ पुसंल."

ती शेताच्या बांधावर जाऊन बसली. डोकं झाकलेलं, हात उघडे, काकणं जागच्या जागी. ऊन हातांवर उतरलं तशी तिनं डोळे मिटले. खूप दिवसांनी माहेरी आल्यासारखा तिचा चेहरा झाला. सोनुबाई पोहे खात तिकडंच बघत होती.

गोमा मात्र सूर्याकडं बघत होता. सूर्य कलायला लागला होता.

"पाटील, बाजार तर परवावर आला. ऊन पुरंल का?"

"मला काय इचारतोस?"

"तुमच्या घड्याळातला एक तास सरकारनं नेला ना? गेला कुठं तो?"

पाटलांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. गोमाचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी घसा साफ केला, सरकारी आवाज काढला आणि अर्ज तोंडी म्हणून दाखवला:

"मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी. लढाईकामी मौजे कुंभिवली येथून नेलेला एक तास, बाजाराच्या दिवसाआधी, उन्हासह परत मिळावा. सदर तास रात्रीचा आल्यास गाव तो उतरवून घेणार नाही."