पायाची बोटं

"थोडं डावीकडे घे. अजून. आता थांब," हिरव्या पडद्यापलीकडून डॉ. पाठारे म्हणाले, आणि टेबलावर उताणा पडलेल्या काशिराम तांडेलानं कान टवकारले. स्वतःच हत्यार चालवणारा माणूस असं कोणाशी बोलेल?

कमरेत इंजेक्शन दिल्यापासून पाय त्याचे राहिले नव्हते, पण डोकं चांगलं जागं होतं. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच नेता-आणता त्याची हयात गेली होती. लघवी अडायला लागली तशी मुलानं, भावेशनं, त्याला पनवेलच्या या हॉस्पिटलात आणून घातलं. लघवीच्या वाटेनं दुर्बीण आत घालायची आणि वाढलेली प्रोस्टेट आतून खरवडायची, एवढंच काम. पण तिथेच खाली लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. त्याला इजा झाली की माणूस कायमचा गळका. शेजारच्या भगवानचं तेच झालं होतं. तेव्हापासून तो जेट्टीवर येत नव्हता की कोणाच्या ओट्यावर बसत नव्हता. उतारूंच्या गर्दीत ओल्या पँटीनं उभं राहण्यापेक्षा काशिरामला तुंबलेली लघवी परवडली असती.

संशय सकाळपासूनच होता. तपासायला एक कोवळी मुलगी आली, अंकिता नावाची. काशिरामनं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि ती नर्स आहे का असं विचारलं. ती म्हणाली, डॉक्टर आहे, सरांच्या हाताखाली ऑपरेशनं शिकते. त्यातलं 'शिकते' काही काशिरामच्या घशाखाली उतरेना. पाठारे आले तेव्हा त्यानं सरळच विचारलं.

"तुमीच करनार ना?"

"काका, मी असणारच आहे," पाठारे हसून म्हणाले.

हे उत्तर काशिरामच्या चांगलं ओळखीचं होतं. सुकाणू भावेशच्या हातात बघून एखादी कोळीण टोपली सावरत कुरकुरली, की तोही हेच म्हणायचा, मी हाय ना. मग फळीवर बसून उतारूंशी गप्पा छाटायचा, जसं काही लाँचकडे त्याचं लक्षच नाही. पायाची बोटं मात्र तळाच्या फळीवर घट्ट दाबलेली असायची. लाँच धक्क्याला लागेपर्यंत ती सुटायची नाहीत.

"खाली जाऊ नकोस. तिथून मागे ये," पडद्यापलीकडून पुन्हा आवाज आला.

काशिरामला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. उठून बसावं म्हटलं तर अर्ध्या अंगाचा पत्ता नव्हता.

"डाक्टर," तो छताकडे बघत बोलला, "सुकानू कोनाचे हातान हाय?"

उशाशी उभ्या असलेल्या भूल देणाऱ्या बाईंनी त्याला शांत पडून राहायला सांगितलं. त्यानं तेच पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं. तेव्हा पाठारेंनी काही लपवलं नाही. अंकिताच्या हातात आहे म्हणाले. अर्धं काम तिनंच केलंय आणि नीट केलंय. तरी काकांची इच्छा नसेल तर पुढचं ते स्वतः करतील.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"अंकिता, दे इकडे."

हवं होतं ते मिळालं. तरी काशिरामनं उशीवरची मान जोरात हलवली.

"नको," तो म्हणाला. "मधीच हात बदलू नका. लाँच तवाच चिखलान बसते. तिनं घेतलाय त तीच लावल धक्क्याला."

स्टूल परत मागे सरकलं. काम पुन्हा सुरू झालं असावं, कारण पाठारे एकदा "हं" म्हणाले, आणि मग काहीच बोलेनात.

संशय गेला नव्हता. जाणार कसा? समुद्रात दिशा धरायला लांबून कर्नाळ्याचा सुळका तरी दिसायचा, इथं वर नुसता दिवा होता. त्यानं सवयीनं पायाची बोटं दाबून बघितली. खाली काहीच दाबलं गेलं नाही. पलीकडे गप्प बसलेला माणूस लक्ष ठेवून आहे की घरच्या जेवणाचा विचार करतोय, हे पडद्याच्या या बाजूनं कळायला मार्ग नव्हता.

"डाक्टर," बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "पोराचे हातान सुकानू आसला का मी पायाची बोटा दाबून धरतो. तुमी धरलीत ना?"

पाठारे बोलले तेव्हा सकाळचं हसू त्यांच्या आवाजात नव्हतं.

"धरलीत, काका."