तिसरं उत्तर

सकाळी सगळे लॅपटॉप छातीशी धरून गोलात उभे राहिले. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, हे प्रत्येकाने सांगायचं. गेल्या महिन्यात कंपनीने निम्मी टीम कामावरून काढल्यापासून तिसरं उत्तर सगळ्यांचं सारखंच येत होतं.

"अडचण नाही."

"काहीच नाही."

"मस्त चाललंय, सर!"

केतकीच्या ओठांवरही तेच तयार होतं. रुग्णांची नोंदणी करणारा तिचा प्रोग्राम सोमवारपासून बंद पडत होता आणि उद्या तो हॉस्पिटलला द्यायचा होता.

मग टीमचे प्रमुख राजाध्यक्ष म्हणाले, "मी अडकलोय बुवा. कुणी मदत करेल का?"

गळ टाकतोय, केतकीच्या मनात आलं. आता जो तोंड उघडेल, पुढचा नंबर त्याचा.

पण गप्प राहिलं तरी उद्या भांडं फुटणारच होतं.

"सर, माझंही अडलंय. नोंदणीचा प्रोग्राम सारखा बंद पडतोय," ती बोलून गेली.

राजाध्यक्ष हसले. सुटल्यासारखे की सावज मिळाल्यासारखे, तिला कळेना.

तेवढ्यात, महिनाभर कुणालाच आपली स्क्रीन न दाखवणाऱ्या शेजारच्या मोहित्यांनी लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. "हे बघ, माझंही इथंच फसलंय. ओढ खुर्ची."