सभापतींच्या खुर्चीतले अंडे

"बाई, ते अंडं उचला आणि सभा सुरू होऊ द्या!" पंतप्रधान गरजले. सभापतींच्या खुर्चीत बसलेल्या सुरय पक्षिणीने झेपावून त्यांच्या टकलावर चोच मारली.

इल्माक या ध्रुवीय देशाची संसद उन्हाळ्यात नऊच दिवस, समुद्रकाठच्या उघड्या माळावर भरते. पाखरांचे अभयारण्य मोडून बंदर उभारण्याचे विधेयक त्या नऊ दिवसांत संमत झाले नाही, तर ते रद्द होणार होते.

"कायदा तुमच्याच आजोबांचा आहे, साहेब," अभयारण्याच्या रक्षक असलेल्या बाई अदबीने म्हणाल्या. "अंड्यापासून वीस पावलांत माणसानं फिरकायचं नाही, पिल्लू उडेपर्यंत. म्हणजे पंचेचाळीस दिवस."

पंतप्रधानांनी डोके चोळत खुर्चीकडे निरखून पाहिले. "हे पाखरू खडीवरच अंडं घालतं ना? मग खुर्चीत खडी कोणी पसरली?"

"वाऱ्यानं."

"असं? मग सभा माझ्या अंगणात भरेल. आत्ताच चला सगळे!"

बाईंनी खिशातून हात काढून बोटांना लागलेली खडीची धूळ झटकली.

"चला की. पण जपून, साहेब. तुमच्या अंगणातही परवापासून तसाच वारा सुटलाय."