गजांमधलं अंतर

सालवडच्या चाळीला बाहेरून जिना बसवताना भिका वेल्डरला कठड्यासाठी एक गज कमी पडला होता. तेवढ्यासाठी मनोरच्या बाजारात कोण जाणार, म्हणून त्याने उरलेले गज जरा लांब लांब जोडले. आज त्याच गजांमध्ये चाळीतल्या इंदुबाईच्या लहान मुलीचं डोकं अडकलं. मागे ओढलं की कान आडवे येत. गळा खालच्या पट्टीवर दाबला जात होता, गज कापेपर्यंत पोरीचा श्वास टिकेलसं दिसेना. आरडाओरडा ऐकून धावत आलेला भिका जिन्याखाली ड्रमवर चढला. “वयनी, डोकं आलं तं अंग पन येल. बाहेर ढकला, मी हाय खाली.” इंदुबाई कडाडली, “गज वाचवलास, आता पोर मागतोस?” भिकाने हात आणखी वर पसरले. तिने मुलीचे खांदे तिरपे केले आणि डोळे मिटून ढकललं. पोरगी त्याच्या छातीवर आदळली. “आली, वयनी, सोडा आता.” कठड्यातून बाहेर आलेली इंदुबाईची मूठ मात्र फ्रॉकची किनार सोडेना.