आईजवळ उरलेला शब्द

“आई, इथे राहशील ना?” दादानं विचारलं.

“हॅपी,” आई म्हणाली.

दादाचा जीव भांड्यात पडला. वृद्धाश्रमाच्या बाईही हसल्या. आम्ही कुणाला जबरदस्तीनं ठेवून घेत नाही, आजींचा होकार हवा, असं त्या मघापासून सांगत होत्या. मिळाला की! तोही चक्क इंग्रजीत.

धाकटी लेक मात्र खिडकीशी उभी राहून आईकडे बघत होती. मेंदूच्या झटक्यानं आईचं सगळं बोलणं गेलं आणि हा एवढा शब्द मागे राहिला. आईनं जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरांकडून शब्दांचे अर्थ आणि वाक्यात उपयोग घोकून घेतले, आणि स्वतःच्या जिभेवर उरलं काय, तर हॅपी. कळायचं सगळं, पण तोंडून दुसरं काही निघायचं नाही. भूक लागली तरी हॅपी, गुडघा ठणकला तरी हॅपी. शेजारीपाजारी म्हणायचे, बाई बाकी मजेत आहेत हो. दादा परगावी असायचा, दोन दिवस येऊन जायचा, त्यालाही तसंच वाटायचं. आईचं सगळं करायची ती धाकटी. कुठला हॅपी म्हणजे हो आणि कुठला म्हणजे नाही, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

आत्ताचा हॅपी म्हणजे नाही.

दुसऱ्या गावची बढती धाकटीनं एकदा नाकारली होती. आता पुन्हा विचारलं होतं, यानंतर कुणी विचारणार नव्हतं. सलग झोप कशी असते हेही ती विसरली होती. नुसतं तोंड मिटून राहायचं, की सुटका. असा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली.

“तुम्ही रोज जवळ असता,” वृद्धाश्रमाच्या बाई तिला म्हणाल्या. “होकारच आहे ना आजींचा?”

“नाही. ती नको म्हणतेय.” धाकटी पुढे झाली. “चल आई, घरी जाऊ.”

दादा भडकला. किती खटपटीनं ही जागा मिळाली होती, आणि हिनं ऐनवेळी खो घातला. किती दिवस असं रेटणार आहेस, आरशात बघ जरा स्वतःकडे, असं बरंच काही बोलला. मग त्याचा आवाज खाली आला.

“खरं सांग, तू तरी सुखात आहेस का?”

खरं सांगायला गेली असती तर तिला रडू फुटलं असतं, आणि आईसमोर ते नको होतं. तिनं थट्टेवारी नेलं. आईचाच शब्द उचलला.

“हॅपी,” ती म्हणाली.

दादाला हसू आलं. बाईंनाही आलं. धाकटी आईच्या हातातली पिशवी घ्यायला वाकली.

आईनं पिशवी सोडली नाही. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काठी टेकत उठली, रिकाम्या पलंगापाशी गेली आणि पिशवी उशाशी ठेवून तिथे बसली.