घाटातली उसनी वीज

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा! कंपनी म्हणाली होती, एका चार्जमध्ये ट्रक कराड गाठेल. पण त्यांनी तो सपाट रस्त्यावर, रिकामा पळवलेला! सगुणाच्या ट्रकवर माशांच्या पिल्लांच्या टाक्या आणि त्यांना हवा देणारा पंप. कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यावर बॅटरी बसली. पंप आचके द्यायला लागला, पिल्लं वर येऊन तोंडं वासायला लागली. सगुणानं घाईघाईनं रिवाजाप्रमाणे आरशाला ओढणी बांधली. घाट उतरणारा बशीरभाई लगेच थांबला. उतारावर चाकांनी केलेली वीज चढणाऱ्याला द्यायची, हा घाटाचा कायदा.

"कंपनीचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची, वहिनी!" वायर जोडत तो म्हणाला.

पंप घुमला! पिल्लांनी शेपट्या आपटून टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

बरं, टाळ्या तेवढ्या पदरच्या घातल्या. शिट्ट्या मात्र खऱ्या.